पोच कधी द्यायची, मोहन?

मोहन, तुझ्या तेराव्याला मी मुलुंडला आले तेव्हा सगळे तुझ्या फोटोकडे बघत होते आणि मी फोटोशेजारी ठेवलेल्या तुझ्या लॅपटॉपकडे. त्याचं झाकण पुरतं मिटलेलं नव्हतं, दोन बोटं उघडं होतं. तेरा दिवसांत याला कुणी हात लावला, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार. रडू त्याच्यानंतर आलं. आता तुझ्याशी खोटं बोलून मला काय मिळणार आहे?

"शेठाणी, मयताच्या घरी पण चौकशी?" असं तू म्हणाला असतास. हो, तिथे पण. आम्हा बौद्धांत पुण्यानुमोदन असतं, तुमच्या तेराव्याच्या रिवाजातलं मला फारसं कळत नाही. कुठे बसायचं, कधी उठायचं याचा अंदाज घेत मी भिंतीला टेकून उभी होते, आणि उभ्या माणसाला सगळं दिसतं. सोफ्यावर दोन अनोळखी पुरुष होते. कडक इस्त्रीचे शर्ट. ओळखपत्राची पट्टी खिशात कोंबलेली, तिचं निळं टोक बाहेर लोंबत होतं. त्यांतला एक उठून माझ्याकडे आला.

"तुम्ही निरोपवर काम करायच्या ना?"

करायच्या, म्हणाला. करता नाही. मी तिथेच सावध झाले.

"तुम्ही कोण?"

"मोहनसरांचे चाहते समजा."

"मी समजत नाही काही. कोण असाल ते सांगा."

तो हसला आणि लाडवाची बशी घेऊन परत जागेवर जाऊन बसला.

हे वाचणाऱ्या सगळ्यांना निरोप काय ते ठाऊक नसणार, म्हणून तुझ्यासमोरच सांगते. चुकलं तर नेहमीसारखा मध्ये तोंड घाल. निरोप ही लायब्ररी. पुस्तकांची नव्हे, कोडची. एका यंत्राला दुसऱ्या यंत्राला काही कळवायचं असेल तर ते नेटवर्कवरून सुखरूप नेऊन देणारा कोड, आणि तोही जिथे नेटवर्क धड नाही तिथे. कुणीही घ्यावा, वापरावा, बदलावा. त्याला कुलूप नाही. मी दवाखान्यांत लागतात ते टोकनचे बोर्ड बनवते. आत डॉक्टर बटण दाबतात, बाहेर नंबर येतो, घंटी वाजते. मध्ये अंतर फार तर पंधरा फूट. त्या पंधरा फुटांत किती नंबर हरवतात हे तुला मी दाखवलं, आणि ते हरवू नयेत म्हणून काय करायचं हे तू मला.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत तेव्हा माझा अर्धा गाळा होता. दुसऱ्या अर्ध्यात कुणाची तरी खोकी. मी बारावी नापास, सोल्डरिंग शिकले ती घाटकोपरला एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात. तू इंजिनियर, नोकरीवाला. दर शनिवारी येऊन खोक्यावर बसायचास आणि कोड लिहायचास. पहिला भांडणाचा विषय तूच काढलास.

"हे जगाला देऊन टाकूया."

"का? उद्या समोरच्या गाळ्यातला हाच कोड घालून बोर्ड बनवेल."

"बनवू दे. बोर्ड बंद पडला तर तो शिडीवर चढून बघायला जाणार आहे काय? तू जातेस."

"पण फुकट का?"

"मीठ फुकट वाटलं म्हणून जेवण फुकट होत नाय गो."

चार शनिवार आपण घासाघीस केली. मी हरले असं लोक म्हणतात, पण मी एक अट वसूल केली. आतली सगळी नावं मराठी ठेवायची. "जगाला हवंय ना? मग जगाने 'पोच' टाइप करावं." तू इतका हसलास की खोक्यावरून घसरलास, पण पाळलंस. पाठवलेला निरोप मिळाला असं समोरच्या यंत्राने उलट कळवणं, त्याला सगळं जग इंग्रजीत काही म्हणो, आपल्या कोडमध्ये तो शब्द पोचच राहिला. पोलंडच्या कुणीतरी एकदा विचारलं होतं, हे पोच कुठलं गाव आहे का? तू उत्तर लिहिलंस, "गाव नाही. माझ्या भागीदारीणबाईंची अट आहे."

नावावरूनही मी अडले होते. निरोप नको म्हटलं. निरोप घेणं म्हणजे जाणं.

"निरोप सांगणं पण असतंच की."

"अशुभ वाटतं."

"तुमच्यात कधीपासून शुभ-अशुभ?"

या एका वाक्याने तू मला गप्प केलंस, आणि मला गप्प करणारी माणसं मी आयुष्यात फार पाहिलेली नाहीत.

मी संशयी आहे, हे मला तुझ्यामुळे कळलं असं नाही. माझ्या बापाला माहीत होतं, बाजारात मला भाजी विकणाऱ्यांना माहीत होतं. पण संशय हा कामाचा गुण आहे असं म्हणणारा तू पहिला. आठवतं ना, घाटकोपरचा तो चार मजली दवाखाना? नंबर मधूनच गायब व्हायचे. कधी सकाळी तीन, कधी दिवसभर एकही नाही. तू तीन आठवडे कोड वाचत होतास. रोज फोन, "माझ्या कोडमध्ये काही नाय." मी म्हटलं, कोडमध्ये नाही तर कुठे तरी आहे, नंबर काय वाऱ्याने उडतात? मी वही घेऊन जिन्यात बसले, दहा ते एक. कोण आलं, कोण गेलं, पंखा कधी लागला, चहावाला कधी आला, सगळं लिहिलं. बाराच्या सुमाराला ध्यानात आलं. लिफ्ट तळमजल्यावरून भरून निघाली की बोर्डावरचा लाल दिवा डोळा मिचकावतो. रिकामी निघाली की नाही. लिफ्ट आणि आपलं राउटर एकाच वायरवर होतं. लिफ्टने ओढ घेतली की राउटर क्षणभर मान टाकायचं, आणि त्या क्षणात निघालेला नंबर गेला.

मी तुला फोन केला. तू मला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलंस. मग म्हणालास, "मी माझ्या कोडवर विश्वास ठेवला म्हणून तीन आठवडे गेले. तू कुणावरच ठेवत नाहीस म्हणून तीन तासांत झालं." आणि कोडच्या नोंदीत कायमचं लिहून ठेवलंस. "दोष: लिफ्ट. शोधला: शेठाणीने." ते आजही जगात कुणालाही वाचता येतं. तेव्हा मी तुला ओरडले होते, की लोक हसतील. खरं तर मी ती नोंद किती वेळा उघडून बघितली आहे, ते तुला सांगितलं नाही.

आता भांडणाकडे येते. तू टाळायचास, मी टाळणार नाही.

पोच कधी द्यायची? आपला सगळा वाद या तीन शब्दांचा. माझा बाप एका सरकारी कचेरीत शिपाई होता. जालन्याकडून आला, आयुष्यभर या टेबलावरची पत्रं त्या टेबलावर नेली. त्याच्या काखेत पोच-वही असायची. पत्र द्यायचं, वहीत सही घ्यायची. तो म्हणायचा, "सही घेतली की आपण मोकळे. साहेब वाचतो की चुलीत घालतो, ते साहेब बघेल." त्या सहीने त्याची नोकरी दोनदा वाचवली. म्हणून माझं म्हणणं, निरोप हातात पडला की त्याच क्षणी पोच द्यावी. पाठवणारा मोकळा झाला पाहिजे. आपण पहिल्यापासून तसंच केलं होतं, आणि सगळं व्यवस्थित चाललं होतं.

व्यवस्थित म्हणजे, गोराईची आजी येईपर्यंत.

बोरिवलीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात ती सकाळच्या बोटीने खाडी ओलांडून आली होती. टोकन सत्तावन्न. आतून सत्तावन्न निघाला, बोर्डाच्या यंत्राने तो घेतला, पोच दिली, आणि नंबर दिसायच्या आत वीज गेली आली. यंत्र जागं झालं ते कोऱ्या पाटीसारखं. आतल्या यंत्राला पोच मिळालेली, त्यामुळे तेही विसरलं. मग अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ. ती बाई चार तास बोर्डाकडे बघत बसली. दवाखाना जेवायला बंद व्हायला लागला तेव्हा कुणीतरी विचारलं, आजी, तुम्ही कशाला थांबलात? ती म्हणाली, "माझा नंबर अजून यायचाय."

त्या दिवशी तू योगायोगाने माझ्याबरोबर होतास. तू तिला आत नेलंस, डॉक्टरांशी भांडून तिचे डोळे तपासून घेतलेस आणि रिक्षाने जेटीपर्यंत सोडायला गेलास. परत आलास तेव्हा तुझा चेहरा उतरला होता. मी काय म्हटलं ते तुला आठवत असेल. मला तर रोज आठवतं. मी म्हटलं, "हजारात एक नंबर गेला रे. जग बुडालं नाही."

तू काही बोलला नाहीस. बोलायला हवं होतंस.

त्यानंतर महिन्याभराने अंधेरीत एका काचेच्या इमारतीबाहेर मी तुला पाहिलं. दोन माणसांबरोबर बाहेर येत होतास. तुम्ही तिघं हसत होतात. मी रिक्षात होते, सिग्नलला अडकलेले. हाक मारली नाही. मला बघायचं होतं तू मला सांगतोस का. नाही सांगितलंस. आणि आठच दिवसांत निरोपची नवी आवृत्ती आली. मला न विचारता. तिच्यात पोच बदललेली. आता निरोप हातात पडल्यावर नाही, तर त्यातलं काम पुरतं झाल्यावर पोच जाणार. म्हणजे नंबर बोर्डावर दिसला, घंटी वाजली, मग पोच. तोवर पाठवणाऱ्याने विसरायचं नाही. पोच आली नाही तर पुन्हा पाठवायचं, पुन्हा पाठवायचं.

तू चुकलास असं नाही म्हणत मी. तू न विचारता केलंस असं म्हणते. माझ्या बोर्डांनी आपणहून नवी आवृत्ती उचलली आणि वाट लागली. पोच वाटेत हरवली की नंबर दुसऱ्यांदा यायचा. बोर्डावर तेवीस लागलेला असताना मध्येच पुन्हा एकवीसची घंटी. दोन म्हातारे दारात ढकलाढकली करतात, डॉक्टरांचं बटण पोचची वाट बघत अडकून राहतं. मुलुंडच्या एका डॉक्टरीणबाईंनी मला उभं करून सुनावलं, "नंदाबाई, तुमच्या बोर्डापेक्षा माझी दारावरची मावशी बरी ओरडते." मी तिथूनच तुला फोन लावला.

"कुणाला विचारून बदललंस?"

"कित्याक गो ओरडतंस? बरोबर आहे ते."

"बरोबर-चूक नंतर. कुणासाठी बदललंस? त्या काचेच्या इमारतीतल्यांसाठी?"

तू गप्प. दोन श्वास गप्प. माझ्या हिशेबी तीच कबुली होती.

"शेठाणी," तू म्हणालास, "कामाच्या आधी दिलेली पोच म्हणजे खोटं बोलणं आहे."

"माझ्या बापाला खोटारडा म्हणतोस?"

तू फोन ठेवलास. का मीच ठेवला? चौदा महिन्यांत मी हे इतक्यांदा घोळवलं आहे की आता सांगता येत नाही.

मी जुन्या निरोपची नक्कल काढली आणि वेगळी चालवायला घेतली. खुल्या कोडमध्ये तो प्रत्येकाचा हक्क असतो. मराठीत त्याला सरळ शब्द आहे, वेगळी चूल. माझ्या चुलीचं नाव ठेवलं सांगावा. अर्थ तोच, फक्त तुझा शब्द नको होता. तुझ्या चुलीकडे मी फिरकलेसुद्धा नाही. निरोपच्या कोडमध्ये बदल करायची माझी किल्ली, म्हणजे माझा पासवर्ड, तू काढून घेतली असणार हे मी धरूनच चालले होते. मी तुझ्या जागी असते तर काढली असती.

आणि मग तू गेलास. कसा, किती वाजता, कुठे, हे सगळं मला तिसऱ्याच माणसाच्या फोनवरून कळलं. ते इथे लिहीत नाही.

तेराव्याच्या दिवशी पंगत उठल्यावर तुझी वैशाली माझ्याजवळ येऊन बसली. मी रडणाऱ्या बाईला काय विचारावं, तर विचारलं, "लॅपटॉप कुणी उघडला?"

तिने लॅपटॉपकडे एकदा वळून बघितलं. मग म्हणाली, "कुणी नाही, नंदाताई. ते तसाच ठेवून गेले. झाकण मिटलं की आतलं चालू काम झोपतं म्हणायचे. म्हणून मी मिटलं नाही."

मला जमीन दुभंगावी असं वाटलं. पण संशयाला लाज नसते. मी पुढे विचारलं, "आणि ते दोघं?"

"ऑफिसचे कुणीतरी. निरोप पुढे कोण बघणार ते विचारत होते. मी म्हटलं, मला काय कळतं त्यातलं." मग ती म्हणाली, "तुम्ही त्या शनिवारी येणार होता ना? ते जायच्या आदल्या शनिवारी? त्यांनी मला घावण्यांचं पीठ जास्त भिजवायला सांगितलं होतं. दुपारपर्यंत वाट बघितली."

मी येणार होते? मला कुणी बोलावलं होतं? मला वाटलं, दुःखात हिचा काहीतरी गोंधळ होतोय. नाहीतर कुणीतरी हिला पढवलंय. हो, हेही मनात आलं. तुझ्या बायकोवरही मी संशय घेतला. लिहून टाकते.

"ते पोचचं तुमचं भांडण," वैशाली म्हणाली, "त्यांच्या आजीमुळे हं ते. तुम्हाला माहीतच असेल."

"हो," मी म्हटलं. खोटं.

मग तिने मला माहीत असलेलीच गोष्ट म्हणून सांगितली. तुझे बाबा गिरणीत होते. गावाहून तुझी आजी फार आजारी आहे, लगेच निघा, असा निरोप आला, तो शेजारच्या माणसाने गिरणीच्या फाटकावर पोचवला. फाटकावरचा रखवालदार म्हणाला, "मिळाला, सांगतो." शेजारी मोकळा झाला. रखवालदार कामात विसरला. तुझ्या बाबांना दुसऱ्या दिवशी पाळी सुटताना कळलं. ते कोकणात पोचले तेव्हा राख सावडून झाली होती. त्यानंतर तुझ्या घरात "मिळाला" हा शब्द कुणी वापरत नाही. कुणी काही सांगितलं तर म्हणायचं, "कळलं."

इतकी वर्षं, मोहन! किती शनिवार झाले ते तूच मोज. मी माझ्या बापाची पोच-वही तुला शंभरदा ऐकवली. तू एकदाही तुझ्या बापाचं फाटक सांगितलं नाहीस. मी तुला नियम विचारत होते आणि तू मला नियमच सांगत होतास. कारण मागितलं नाही ही माझी चूक. पण न मागता द्यायलाही हवं होतंस की रे! सगळंच काय घासाघीस करून घ्यायचं माणसाने?

आता जे सांगायला हा लेख लिहायला घेतला, ते.

तू जायच्या नऊ दिवस आधी माझ्या फोनवर तुझा निरोप आला होता. मी पाहिला. वरची अर्धी ओळ दिसली, "शेठाणी, दोन्ही बरोबर आणि..." मी उघडला नाही. चौदा महिन्यांनी गोड बोलतोय म्हणजे काहीतरी हवं असणार. माझी चूल बंद करायला सांगत असणार. काचेच्या इमारतीतल्यांनी अट घातली असणार. राहू दे वाट बघत, म्हटलं. माझ्या फोनने तुला दोन टिका दिल्या. करड्या, उघडून वाचल्यावरच त्या निळ्या होतात. म्हणजे माझ्या वतीने, मला न विचारता, त्याने पोच दिली. मिळाला. आणि मी तो तसाच ठेवला. तू गेल्यावरही तेरा दिवस. भीती वाटत होती. तुझं पितळ उघडं पडेल याची की माझं, ते सांगता येत नव्हतं.

तेराव्याहून गाळ्यावर परत आले, शटर अर्धं वर केलं आणि आधी दुसरंच तपासलं. वर्षाहून जास्त काळानंतर निरोपच्या दारात गेले आणि माझी जुनी किल्ली लावली. चालली. माझा हक्क जसाच्या तसा, तुझ्या नावाखाली माझं नाव. तू कुलूप बदललंच नव्हतंस. मी दार ढकलूनसुद्धा बघितलं नव्हतं. जिन्यात तीन तास वही घेऊन बसणारी बाई मी.

मग तुझा निरोप उघडला.

"शेठाणी, दोन्ही बरोबर आणि दोन्ही चूक. एकाच शब्दाला आपण दोन कामं लावली, तिथे दोष आहे. पोच दोन हव्यात. पहिली 'मिळालं', ती हातात पडताक्षणी. ती आली की डॉक्टरांचं बटण मोकळं. दुसरी 'कळलं', ती नंबर बोर्डावर दिसल्यावर. ती येईपर्यंत पाठवणाऱ्याने विसरायचं नाय, पुन्हा पुन्हा पाठवायचं. आणि बोर्डाने आलेला नंबर लक्षात ठेवायचा, म्हणजे घंटी दोनदा नाय. तुझ्या बाबांची सही पण राहते. अर्धं लिहून झालंय. उरलेल्यात दोष तू शोध, मला माझ्याच कोडवर संशय घेता येत नाय. काचेच्या इमारतीचं भेटल्यावर सांगतो, फोनवर तू ओरडशील. शनिवारी ये. वैशाली घावणे करतेय. येशील तर कळव."

येशील तर कळव.

मी पहिल्यांदा काय केलं असेल? तुझा अर्धा कोड उघडला आणि दोष शोधला. सापडला. बोर्ड आलेले नंबर लक्षात ठेवतो, पण वीज गेल्यावर तेही विसरतो. गोराईच्या आजीचाच दोष, नव्या कपड्यांत. तुझ्या ध्यानात तो आला नव्हता, की तू माझ्यासाठी मुद्दाम ठेवला होतास? तू तसलं करू शकतोस. याचं उत्तर आता मला मिळणार नाही. काचेच्या इमारतीत तू त्यांना काय सांगितलंस, हेही नाही. मी तुझ्यावर पुरता विश्वास ठेवलाय असं समजू नकोस. तुला ते आवडणारही नाही.

सोमवारी त्या दोघांतल्या एकाचा फोन आला. माझा नंबर कुठून मिळवला, ते विचारल्यावर त्याने सांगितलं नाही. आवाज लोण्यासारखा. निरोप आता बेवारस आहे, आमची कंपनी सांभाळायला तयार आहे, तुम्ही कधीकाळी काम करायच्या म्हणून एकदा तुमच्या कानावर घातलं.

"करायच्या नाही," मी म्हटलं. "करते. किल्ली माझ्याकडे आहे. तुम्हाला काम करायचं असेल तर दोष शोधून पाठवा, मी बघेन. आणि पोचचं स्पेलिंग नीट लिहा."

सांगावा मी बंद केला. त्यातलं चांगलं ते निरोपमध्ये आणलं. दोन पोच घातल्या, मिळालं आणि कळलं, याच नावांनी, आणि वीज गेली तरी बोर्ड नंबर विसरणार नाही असं केलं. नोंदीत लिहिलं, "दोष: एकच शब्द. शोधला: मोहनने." बोरिवलीच्या दवाखान्यात नवी आवृत्ती लावली, मेन स्विच माझ्या हाताने सहादा पाडला आणि सहाही वेळा सत्तावन्न बोर्डावर आला. एकदाच घंटी. बाकावर बसलेल्या एका काकांनी विचारलं, "बाई, हा सत्तावन्न आहे तरी कोण?" मी म्हटलं, "येईल."

तुझं बरोबर होतं, असं मी लिहिणार नाही. अर्धं होतं. अर्ध्यावर मी सौदा करते.

पण तुझ्या निरोपाला उत्तर राहिलं होतं. त्याच दवाखान्याच्या पायरीवर बसून मी तुझ्या नंबरवर लिहिलं, "कळलं." एकच शब्द. पाठवलं. एक टिक आली. मग, माझ्या डोळ्यांदेखत, दुसरी.

मी ताडकन उठले. फोन चालू कुणी केला? लगेच वैशालीला लावला.

"मोहनचा फोन कुणाकडे आहे?"

"माझ्याकडेच, नंदाताई. चार्जिंगला लावून ठेवते. बंद करवत नाही."

"उघडून बघतेस?"

"त्याचा आकडा मला ठाऊक नाही. नुसता वाजतो. कुणाचं तरी आलं, एवढं कळतं."

मी बरं म्हटलं आणि पुन्हा पायरीवर बसले. दोन टिका, करड्या. त्या आता करड्याच राहणार. माझ्या बापाच्या नियमाने सही झाली आहे, मी मोकळी. तुझ्या नियमाने नाही. तुझा नियम म्हणतो, कळलं येईपर्यंत पाठवणाऱ्याने विसरायचं नाही, पुन्हा पाठवायचं.

आणि आता निरोपमध्ये तुझाच नियम चालतो. मीच घातलाय.

म्हणून पुन्हा पाठवते, मोहन. कळलं.